डागडुजीचं काम कोण करतं?

(नाशिक येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



आजच्या सत्राचा विषय कागदावर 'संस्थेतील संगणक आणि त्याची देखभाल' असा छापला आहे. तो वाचून तुमच्यातल्या निम्म्या जणी 'तेवढ्यात चहा घेऊन येऊ' म्हणत असतील. मीही म्हटलं असतं. माझं शिक्षण समाजकार्याचं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मुलाखत कशी घ्यायची, गटाबरोबर काम कसं करायचं, अहवाल कसा लिहायचा हे शिकवलं. संगणक अडला तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही. तेव्हा मी इथे तज्ज्ञ म्हणून उभी नाही. समुपदेशन केंद्रात मी टेबलाच्या ज्या बाजूला बसते, तिथून जे दिसलं तेवढंच सांगणार आहे.

सुरुवात एका बाईपासून करते. सुरगाणा तालुक्यातल्या बाऱ्हे भागातून ती आमच्याकडे आली होती, दुसऱ्यांदा. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने सगळं सांगितलं होतं, आम्ही लिहून घेतलं होतं आणि मग ती परत नांदायला गेली होती. या वेळी तिने कोर्टात जायचं ठरवलं होतं. मारहाण आजची नाही, जुनी आहे, हे दाखवायला तिला आधीची नोंद हवी होती. गोपनीयतेसाठी आम्ही फाइलीला बाईचं नाव देत नाही. गाव आणि क्रमांक देतो. क्रमांकाची चिठ्ठी तिने जपून ठेवली नव्हती, आणि ते बरोबरच होतं. घरात ठेवली असती तर नको त्याच्या हाती लागली असती. म्हणून मी संगणकात गावाचं नाव टाइप केलं: बाऱ्हे. उत्तर आलं, काही सापडलं नाही. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. तेच उत्तर.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ताई, मीच तवा नीट सांगितलं नसंल."

आणि मी मनात म्हणत होते, मीच तेव्हा नीट साठवलं नसेल.

त्या दिवशी तिने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच दिवस, तेच मार, तेच रडणं. आठवड्याभराने मी त्या वर्षाच्या फाइली एकेक करून डोळ्यांनी तपासल्या, तेव्हा तिची फाइल जागच्या जागी होती. नावही स्वच्छ दिसत होतं: बाऱ्हे. डोळ्यांना दिसत होतं ते संगणकाला सापडत नव्हतं.

असं का झालं, ते आमच्याकडे येणाऱ्या पॉलिटेक्निकच्या एका मुलीने उलगडून दाखवलं. आपल्या मराठीत एक अर्धा र आहे, वाऱ्यातला, दऱ्यातला, साऱ्याजणींतला. तो नसेल तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातली दरी समुद्रात जाते. 'आचाऱ्याला' बोलवायचं तर 'आचार्याला' बोलावणं जातं. हा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब दिलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आत साठवलेले आकडे वेगळे असतात. दोन वर्षांपूर्वी टाइप करणारीने एक तऱ्हा वापरली होती, मी दुसरी. शोधणाऱ्या कार्यक्रमाला कुणी सांगितलंच नव्हतं की हे दोन्ही एकच.

म्हणजे चूक त्या बाईची नव्हती. टाइप करणारीची नव्हती, माझीही नव्हती. तो वस्तूतला दोष होता. पण आम्हा दोघींनाही पहिल्यांदा काय सुचलं, ते लक्षात घ्या. जेवण बिघडलं तर माझं चुकलं, नवऱ्याने हात उचलला तर माझंच काही चुकलं असेल, संगणक अडला तर मला येत नाही म्हणून. ही सवय आपल्याला कुठून लागली हे या सभेत सांगायची गरज नाही. मात्र तिचा एक परिणाम आपण फारसा बोलत नाही. चूक माझीच आहे असं मानणारी बाई तक्रार करत नाही. आणि ज्याची तक्रार होत नाही ते दुरुस्त होत नाही.

घराच्या आतलं घर

आता थोडं यंत्राविषयी. संगणकात आपण पत्र लिहितो, हिशेब करतो, तो झाला दिवाणखाना. त्याच्या मागे स्वयंपाकघर असतं, मोरी असते, पाण्याची टाकी असते. ते सगळं सांभाळते ती ऑपरेटिंग सिस्टीम. फाइल कुठे ठेवायची, अक्षर पडद्यावर कसं काढायचं, छपाईचं यंत्र कसं चालवायचं, बाहेरच्याला दार उघडायचं की नाही, ही सगळी तिची कामं. काही सिस्टीम कंपनीच्या मालकीच्या असतात. त्यांच्या आत काय आहे ते आपल्याला पाहता येत नाही. काही मुक्त असतात. त्या कुणीही पाहाव्यात, वापराव्यात, बदलाव्यात आणि दुसऱ्याला द्याव्यात.

मुक्त प्रणालींपैकी सर्वांत माहितीची म्हणजे लिनक्स. तिचा गाभा १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. त्या गाभ्याभोवती बाकीचं घर उभारणारे पुष्कळ गट आहेत. त्यातला एक जुना गट डेबियन, १९९३ मध्ये इयान मर्डॉकने सुरू केलेला. नावातला 'इयान' त्याचा, आणि 'डेब' त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचा, डेब्राचा. डेबियन संगणकावर बसवताना भाषांच्या यादीत आपली मराठीही आहे.

पण ती यादीत असणं आणि नीट दिसणं यात पुष्कळ माणसांचं काम आहे. लोहित नावाचं मुक्त अक्षरवळण लिनक्सवर अनेक वर्षं वापरात आहे. ते मुळात घडवलं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, ज्यांची 'श्रीलिपी' आपल्यापैकी जुन्या जणींना आठवत असेल. पुढे रेड हॅट कंपनीने ते मुक्त परवान्याखाली खुलं केलं. मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा, आपला अर्धा र वेगळा. हे सगळं कुणीतरी पाहून, सांगून, बसवून घ्यावं लागतं. 'ॲ' हे अक्षर घ्या. ॲडव्होकेट, ॲनिमिया, ॲसिड-हल्ला, ॲट्रॉसिटी, आपल्या रोजच्या अहवालातले शब्द. जगभरच्या लिप्यांच्या युनिकोड या तक्त्यात या अक्षराला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी अ लिहून वर चंद्र चिकटवावा लागे, आणि कित्येक संगणकांवर मध्येच ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटे.

दोष लपवायचा नाही

संगणकाच्या दोषाला 'बग' म्हणतात, म्हणजे किडा. शब्द जुना आहे, पण त्याची एक गोष्ट बाईशी जोडलेली आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या एका खोलीएवढ्या यंत्रात खराच पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. त्या गटात ग्रेस हॉपर ही गणितज्ञ होती, आणि ही गोष्ट पुढे जगभर सांगितली तीही तिनेच. किडे निवडण्याचं काम आपल्याला नवं नाही. तांदूळ निवडणारीला माहीत असतं की आज निवडले म्हणून उद्या होणारच नाहीत असं नाही.

हे निवडणं मुक्त प्रणालीत कसं चालतं, ते मला आवडलं. डेबियनच्या लोकांनी १९९७ मध्ये आपला एक सामाजिक करारनामा केला. त्यातलं एक कलम असं की आम्ही आमचे दोष लपवणार नाही. आलेली तक्रार सगळ्यांना वाचता येते. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि ते क्रमांक आता दहा लाखांच्या पुढे गेले आहेत. मग प्रतवारी होते. संगणकातलं सगळं पुसलं जाईल किंवा परका आत शिरेल असा दोष सर्वांत वर, मधे नेहमीचे, खाली किरकोळ, आणि अगदी शेवटी 'असं असतं तर बरं झालं असतं' अशा इच्छा. ज्याच्याकडे तो भाग सोपवलेला असतो तो पाहतो, दोष पुन्हा घडवून बघतो, दुरुस्ती करतो, दुसरे तपासतात. एका ठिकाणचं गळणं थांबवताना दुसरीकडची भिंत ओली होऊ नये म्हणून ही तपासणी.

अशा दुरुस्त्या जमवून साधारण दर दोन महिन्यांनी स्थिर आवृत्तीचं नवं बाड निघतं. त्यात नवा सोफा, नवा पडदा सहसा नसतो. गळती थांबवलेली, कडी बसवलेली, एवढंच. वर्तमानपत्रात त्याची बातमी येत नाही. आपल्या संगणकावर 'नवीन सुधारणा उपलब्ध आहेत' अशी पाटी येते आणि आपण 'नंतर' वर बोट ठेवतो. त्या पाटीमागे एवढ्या लोकांचं काम असतं, आणि आपण दार उघडं ठेवून झोपतो.

तक्रार लिहायची आपली विद्या

हे ऐकून मला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे. बाई येते आणि म्हणते, "घरात त्रास आहे." एवढ्यावर आपण थांबत नाही. कधी, कुठे, आधी काय झालं, मग काय झालं, कुणी पाहिलं, यापूर्वी कधी झालं, असं एकेक विचारतो. २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली जो घटनेचा अहवाल भरतो, त्याचा नमुना हेच तर विचारतो. बाईच्या तोंडचं मोघम दुःख आपण अशा शब्दांत उतरवतो की ते कोणाला नाकारता येऊ नये.

संगणकाच्या दोषाची तक्रारही अशीच लिहायची असते. "चालत नाही" एवढं लिहून भागत नाही. कोणती प्रणाली, कितवी आवृत्ती, मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पुन्हा केलं तर पुन्हा होतं का. तुलना फार ताणत नाही. संगणक सूड घेत नाही, पोरं हिसकावून घेत नाही. पण दोष शब्दांत पकडण्याची जी विद्या तिथे लागते, ती आपल्या हातात वर्षानुवर्षं आहे. ती आपण कधी त्या दारात नेली नाही, कारण ते दार आपलं नाही असं आपल्याला वाटतं.

त्या मुलीबरोबर बसून मी आमच्या अर्ध्या र ची तक्रार लिहिली. एक काळजी घेतली, ती तुम्हीही घ्या. तक्रारीत खरी फाइल, खरं गाव, बाईबद्दलचं काहीही घातलं नाही. 'दऱ्या' आणि 'चाऱ्या' हे दोन शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहून पाठवले. इंग्रजी माझं मोडकंतोडकं. दोन दिवसांनी उत्तर आलं: दोष खरा आहे, आम्हाला तो दिसला, आणखी काही शब्द पाठवाल का? कोणी हसलं नाही. काही आठवड्यांनी खाली कुणीतरी नेपाळहून लिहिलं की आमच्या भाषेतही हा र पावलोपावली येतो आणि आम्हीही यातच अडकतो. ती तक्रार अजून खुली आहे, हेही सांगते. दुरुस्ती झालेली नाही. पण आता तिला क्रमांक आहे आणि तिच्याखाली दोन भाषांची माणसं उभी आहेत. आमच्या बाजूने आम्ही दुसऱ्या दिवसापासून नियम केला की केंद्रात सर्वांनी एकाच तऱ्हेचा ऱ लिहायचा. जुन्या फाइलींची नावं दोघींनी बसून बदलली. तीन दुपारी गेल्या.

फुकट म्हणजे कुणाच्या जिवावर?

आता दुसरी बाजू. हे काम करतं कोण? पुष्कळ जण कंपन्यांचे पगारी नोकर असतात. पण पुष्कळ भाग असे आहेत की ते एखाददुसरा माणूस नोकरी सांभाळून, बिनपगारी, वर्षानुवर्षं सांभाळतो. फाइली आवळून लहान करणारा 'एक्सझेड' नावाचा एक छोटा भाग आहे, लिनक्सच्या घराघरात असलेला. तो एकटा माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये लोकांनी त्याच्यामागे लकडा लावला की दुरुस्त्या लवकर का होत नाहीत. त्याने लिहिलं की माझी मनाची तब्येत बरी नाही, आणि हे काम मी बिनमोबदला करतो. त्याच सुमारास एक मदतनीस गोड बोलून, खरोखरची कामं करून त्याच्या विश्वासातला झाला. हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती आल्या. २०२४ च्या सुरुवातीला त्याने त्या भागात चोरदरवाजा बसवला. तो सगळीकडे पोचला असता तर असंख्य संगणकांत त्याला शिरता आलं असतं.

पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याने. डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर काम करताना त्याला दिसलं की दार उघडायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने ते सोडून दिलं नाही. खोदत गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सांगितलं. रोजचं काम हाताखालून जाणाऱ्यालाच असा अर्ध्या सेकंदाचा फरक कळतो, जसा कुकरच्या शिट्टीचा आवाज बदलला की स्वयंपाक करणारीला कळतो.

या गोष्टीतला थकलेला माणूस मला आपल्या ओळखीचा वाटला. सगळं घर ज्याच्यावर चालतं, काम थांबलं की ओरडा होतो, चालू असतं तोवर कुणाला दिसत नाही. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं; घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. डागडुजीचं काम फुकट मिळतं असं मानण्याची सवय जगाला घरातूनच लागली आहे.

आणि त्या जगातही बायका कमीच. २००६ मध्ये ग्नोम या मुक्त प्रकल्पाकडे उन्हाळी कामासाठी १८१ अर्ज आले, त्यात एकही बाईचा नव्हता. त्यावर त्यांनी बायकांसाठी वेगळा, मानधनाचा कार्यक्रम काढला. आज तो 'आउटरीची' या नावाने वाढला आहे. भाषेचाही प्रश्न होता. लिनक्सच्या गाभ्याच्या कामात अपमान करणारी पत्रं ही वर्षानुवर्षं रीतच होती. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द टोरवाल्ड्सने त्याबद्दल माफी मागितली आणि वागण्याची नियमावली आली. ती आपोआप आली नाही. ज्यांनी हे चालणार नाही असं म्हटलं, त्यांच्यामुळे आली.

सामाईक वस्तूची देखभाल कशी करतात, हे नाशिक जिल्ह्याला नवीन नाही. ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पाणी वापर संस्था काढल्या आणि वाघाड धरणाच्या कालव्याच्या पाण्याचं वाटप, चाऱ्यांची साफसफाई, पाणीपट्टी स्वतःच्या हाती घेतली. कालवा सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, असं झालं की शेवटच्या शेतापर्यंत पाणी जात नाही. मुक्त प्रणालीचंही तसंच. आपण शेवटच्या शेतावरच्या आहोत. चारी तुंबली तर आधी आपल्यालाच कळतं. म्हणून आपणच सांगायला हवं.

आता करायचं काय, ते थोडक्यात.

एक. संस्थेत तक्रारवही असते, तशी संगणकाची दोषवही ठेवा. तारीख, काय केलं, काय झालं. 'मला येत नाही' हे वाक्य त्यात लिहायचं नाही.

दोन. आठवड्यातला एक दिवस सुधारणांचा. त्याआधी फाइलींची प्रत वेगळ्या जागी काढून कुलपात. आपल्या संगणकात बायकांची आयुष्यं आहेत. दार नीट लावलेलं असणं हा त्यांचा हक्क आहे.

तीन. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आपल्या बऱ्याच संस्थांत तेच जुने संगणक आहेत. ते भंगारात देण्याआधी लिनक्स बसवून चालतात का, ते पाहा. पण बसवून सोडून देऊ नका, सांभाळणारी कोण ते आधी ठरवा.

चार. प्रस्ताव लिहिताना नवीन संगणकाच्या ओळीखाली देखभालीची ओळ लिहा, आणि ती करणारीचं मानधनही. देणगीदार नवीन वस्तूबरोबर फोटो काढतात. दुरुस्तीचा फोटो निघत नाही. ती ओळ खोडली तर का खोडली ते विचारा.

पाच. जवळच्या आयटीआय, पॉलिटेक्निकमधल्या एका मुलीला आपल्या कामात जोडून घ्या. तिला काम मिळेल, आपल्याला विद्या.

त्या बाईचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिची जुनी नोंद आम्ही तिच्या वकीलबाईंकडे दिली. केस चालू आहे. फाइल सापडल्याचं सांगायला मी तिला भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "तुम्ही तेव्हा सगळं नीट सांगितलं होतं. शब्द न् शब्द आहे." ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग ठीक हाय."

माझंही एवढंच सांगणं आहे. आपण नीट सांगितलेलं असतं. ते सापडत नसेल तर वस्तू दुरुस्त करू या.